कार्ल्याचं लेणं ३६० अंशांत: कॅमेरा कुठला घ्यावा, आणि तो उभा कुठे करावा?

रानवाटा

नमस्कार मंडळी,

मळवली-लोणावळा भागातल्या आमच्या हौशी गटाने कार्ल्याच्या चैत्यगृहाची आभासी सफर तयार करायचं मनावर घेतलं आहे. एकवीरेच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांमधली बरीच वयस्कर माणसं पायथ्याशीच थांबतात, पायऱ्या झेपत नाहीत. जे वर जातात त्यांतलेही पुष्कळ जण देवीचं दर्शन झालं की शेजारच्या लेण्यात नुसतं डोकावून परत फिरतात. दोघांनाही घरबसल्या नीट बघता यावं एवढाच हेतू. पैसे कमवायचे नाहीत.

डोक्यात आहे ते असं. साध्या मोबाइलवर उघडावं. बाहेरच्या सिंहस्तंभाशी सुरुवात व्हावी, मग व्हरांड्यातले हत्ती, मग दारातून आत, खांबांमधून स्तूपापर्यंत. मान वर करून छताच्या सागवानी कमानी बघता याव्यात. खांबावरच्या शिलालेखावर बोट ठेवलं की तो काय सांगतो ते मराठीत समोर यावं.

कॅमेऱ्यासाठी पन्नास हजारांच्या आत जमवू शकतो. सॉफ्टवेअर फुकटातलं असेल तर उत्तम. गटातल्या एकाला थोडं वेबचं काम येतं. फोनवर पॅनोरमा काढून बघितला, पण पूर्ण गोल काही येत नाही आणि खांब वाकडे दिसतात. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

---

तिरकस

गूगल मॅपवर लोक असले गोल फोटो टाकतच असतात की. मग पुन्हा खटाटोप कशाला? पन्नास हजारांत कितीतरी आज्यांना डोलीत बसवून वर नेऊन आणाल.

---

रानवाटा

डोलीची सूचना गटापुढे ठेवतो :)

सुट्या फोटोंत एका जागी उभं राहून चहूकडे बघता येतं, पण पुढच्या खांबाशी जाता येत नाही. आणि कुठला खांब कुणी दान दिला हे तिथे कोण सांगणार?

---

पंतोजी

कॅमेरा कुठला हा प्रश्न मागे ठेवा. जागा आधी ठरवा. महागडा कॅमेरा चुकीच्या जागी उभा केला तर काही उपयोग नाही, आणि साध्या कॅमेऱ्यानेही योग्य जागांवरून उत्तम सफर होते. मी काही जुनी देवळं आणि दोन-तीन वाडे असे टिपले आहेत, त्यावरून लिहितो. लांबण लागेल.

पाठीला पाठ लावलेल्या दोन फिशआय भिंगांचा जो छोटा कॅमेरा मिळतो, त्यातलं प्रत्येक भिंग १८० अंशांपेक्षा थोडं जास्त बघतं. कडेचा जो भाग दोघांनाही दिसतो तिथे सॉफ्टवेअर दोन चित्रं शिवतं. गोम अशी की ही भिंगं एका बिंदूत नसतात, त्यांच्यात दोनेक सेंटिमीटरचं अंतर असतं. लांबच्या डोंगराला त्याने काही फरक पडत नाही. हाताच्या अंतरावर असलेला खांब मात्र दोन भिंगांना दोन वेगळ्या ठिकाणी दिसतो आणि शिवणीवर तुटतो. तुमच्या फोनच्या पॅनोरमात खांब वाकडे होतात ते याच कारणाने. तिथे तुम्ही फोन स्वतःभोवती फिरवता, म्हणजे भिंग हातभर लांबीच्या वर्तुळात सरकत राहतं. फिरवायचंच असेल तर भिंगाचा जो बिंदू हलला नाही की पुढचं-मागचं एकमेकांवर सरकत नाही, त्याच बिंदूभोवती फिरवावं लागतं. त्यासाठी ट्रायपॉडवर बसवायचं खास पॅनोरमा हेड येतं. डीएसएलआर, ८ मिमी फिशआय आणि असं हेड असेल तर चार फोटो आजूबाजूचे, एक वरचा, एक खालचा, आणि जोडणी हगिन या फुकट सॉफ्टवेअरमध्ये. दर्जा यातच सगळ्यात चांगला येतो. पण प्रत्येक जागी वेळ लागतो, आणि कार्ल्याला तेवढा वेळ गर्दी देणार नाही.

आता कार्लं. चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीचे खांब, स्तूपाच्या मागे सात साधे अष्टकोनी, एकूण ३७. मधलं दालन प्रशस्त आहे, तिथे कॅमेऱ्याला काहीच अडचण नाही. अडचण बाजूच्या पडवीत आहे. खांबाची जाडी धरूनही ती दहाच फूट रुंद आहे. तिथे उभं राहिलात की एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला खांब, दोन्ही मीटरभरावर. उपाय साधा आहे: एक भिंग सरळ खांबाकडे आणि दुसरं सरळ भिंतीकडे करायचं. मग शिवण पडवीच्या लांबीच्या दिशेने जाते, जिथे वस्तू दूर आहेत. कॅमेरा आडवा फिरवला तर शिवण नेमकी खांबावर येते आणि नंतर कितीही डोकं फोडलं तरी निघत नाही.

जागा किती? मधल्या दालनात साडेतीन-चार मीटरला एक धरली तर दहाच्या आसपास होतात. पण टेप लावून समान अंतरं मोजत बसू नका. माणूस आत शिरल्यावर कुठे थबकतो ते बघा. बाहेर सिंहस्तंभाशी थबकतो. व्हरांड्यात हत्तींपाशी आणि दारावरच्या युगुलमूर्तींपाशी. आत पहिलं पाऊल टाकल्यावर, कारण तिथेच छत एकदम अंगावर येतं. स्तूपासमोर. स्तूपाच्या मागे, आणि तिथून परत वळून सूर्यगवाक्षाकडे, म्हणजे दारावरच्या मोठ्या कमानदार खिडकीकडे, बघताना. या जागा पक्क्या करा आणि मधल्या त्यांना जोडणाऱ्या ठेवा. एक नियम मात्र पाळा: प्रत्येक जागेवरून पुढची जागा दिसली पाहिजे. नाहीतर बाण दाबल्यावर आपण कुठे येऊन पडलो ते कळत नाही, आणि म्हातारं माणूस तिथेच फोन खाली ठेवतं.

उंची सगळीकडे एकच, दीड मीटरच्या थोडी वर. एका जागी छातीएवढी आणि दुसऱ्या जागी डोक्यावर असेल तर पुढे जाताना पायरी चढल्यासारखं वाटतं. ट्रायपॉड रुंद पायांचा नको. बारीक दांडी आणि खाली छोटे पाय असलेला घ्या, तो बराचसा शिवणीतच लपतो.

---

रेवा

पंतोजी, वाचनखूण साठवली.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. तुमच्या पैशांत इन्स्टा३६०चा एक्स३ बसेल, बघितलंत तर वापरलेला एक्स४ही. रिकोचा थीटा झेड१ त्याच्या एक इंची सेन्सरमुळे अंधारात जास्त चांगला, पण बजेटबाहेर जाईल. एक्स३च्या जाहिरातीत ७२ मेगापिक्सल दिसतील, त्याला लेण्यात भुलू नका. सेन्सर अर्ध्या इंचाचा आहे. भर उन्हात ७२ चांगले येतात, अंधारात त्याच आकड्यात नुसते रंगीत दाणे मिळतात. आत १८ मेगापिक्सलवर, सर्वांत कमी आयएसओवर (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता), ट्रायपॉडवरून, वेगवेगळ्या एक्स्पोजरचे (काही उजळ, काही गडद) फोटो घ्या आणि नंतर एकत्र करा. सूर्यगवाक्ष पांढरंफेक आणि स्तूपाची मागची बाजू काळीकुट्ट, एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही सापडणार नाहीत. ढगाळ दिवस मिळाला तर हा फरक पुष्कळ कमी होतो. फोटो टायमरने किंवा फोनवरून काढा आणि तुम्ही खांबाआड व्हा.

निघणारं चित्र दोनास एक प्रमाणातलं असतं, आडवे ३६० अंश आणि उभे १८०. जगाच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड जसं अवाढव्य दिसतं, तसंच यात वरचं छत आणि पायाखालची जमीन ताणली जाते. गोल फिरवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की सगळं परत जागेवर येतं. पण ट्रायपॉड पुसायचा असेल, किंवा छताच्या कमानीवर काही दुरुस्ती करायची असेल, तर ती ताणलेल्या चित्रावर करू नका. आधी त्याचे घनाचे सहा चौकोनी तुकडे करून घ्या, तळाचा तुकडा साध्या फोटोसारखा दुरुस्त करा आणि परत जोडा.

सफर बांधायला दोन फुकट पर्याय आहेत. मार्झिपानोचं साधन ब्राउझरमध्येच चालतं. फोटो ओढून टाका, बाण लावा, झिप उतरवून घ्या. फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, प्रक्रिया तुमच्याच संगणकावर होते. दुसरं पॅनेलम. ते थोडं हाताने लिहावं लागतं, पण तुमच्याकडे वेबवाला आहे तर मी तेच घ्यायला सांगेन. त्यात प्रत्येक दृश्याची उत्तर दिशा नोंदवता येते आणि बाणाला सांगता येतं की बघणाऱ्याचं तोंड जिकडे आहे तिकडेच पुढच्या दृश्यातही ठेव. हे नसलं तर स्तूपाकडे चाललेला माणूस एक बाण दाबताच दाराकडे तोंड करून उभा राहतो. बऱ्याच घरगुती सफरींत हीच रड असते.

मूळ मोठं चित्र जसंच्या तसं टाकू नका. जुन्या फोनचा ग्राफिक्स भाग ४०९६ पिक्सलपेक्षा रुंद चित्र घेतच नाही, पडदा काळा राहतो. पॅनेलमसोबत पायथनची एक स्क्रिप्ट येते, ती हगिनचंच एक साधन वापरून चित्राचे वेगवेगळ्या बारकाव्याचे छोटे चौकोन करते. जिथे बघाल तिथलेच चौकोन उतरतात, त्यामुळे पायथ्याच्या रेंजवरही चालेल. आणि हो, झिप उघडून पानावर दोनदा क्लिक केलं तर ब्राउझर चित्रं दाखवायला नकार देतो. घाबरू नका, स्थानिक सर्व्हर चालू करून बघा किंवा थेट साइटवर चढवा. गिटहब पेजेसवर एक जीबीपर्यंतची साइट फुकट ठेवता येते, तेवढ्यात तुमचं आरामात बसेल.

---

घाईगडबड

मी आमच्या गच्चीचा असा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांना नुसता लांबुडका वाकडा फोटो दिसला. काय चुकतं?

---

रेवा

फोटोच्या आत एक नोंद असते: हे चित्र गोलाचं आहे, आडवं इतकं, उभं इतकं. ती वाचूनच फेसबुक किंवा गूगल ते फिरवून दाखवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि नोंदही पुसली जाते. फोटोऐवजी दुवा पाठवा. आणि फोटो एडिट करताना नोंद गेलीच असेल तर एक्झिफटूल या साधनाने परत लिहिता येते.

---

मावळा_२.०

इतकं सगळं लिहिलंय तर माझंही ऐका. २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशात गेले, जग कुठे चाललंय आणि आपण अजून एका गोळ्यातून दुसऱ्या गोळ्यात उड्या मारतोय! गाउशियन स्प्लॅटिंग बघा. २०२३ मध्ये ही पद्धत आली आणि चित्रच पालटलं. कॅमेरा चालू ठेवून लेण्यातून चालत जायचं, व्हिडिओतल्या फ्रेम काढायच्या, प्रत्येक गोल फ्रेमचे सात-आठ साधे फोटो पाडायचे, कोलमॅप या सॉफ्टवेअरकडून कॅमेऱ्याच्या जागा शोधून घ्यायच्या आणि त्या फोटोंवर संगणकाचं प्रशिक्षण लावून द्यायचं. लाखो अर्धपारदर्शक रंगीत ठिपक्यांचं लेणं तयार होतं आणि त्यातून खरोखर चालता येतं. खांबाच्या मागे वाकून बघा, खांब सरकतो. बाण नाहीत, उड्या नाहीत. तुमच्या गोल फोटोत हे जन्मात होणार नाही.

---

पंतोजी

मावळेराव, गोल फोटोत खांबामागे वाकून बघता येत नाही हे शंभर टक्के मान्य. तिथे मान फिरते, पाय हलत नाहीत. पण रानवाटांनी काय मागितलंय ते बघा: साधा मोबाइल, पायथ्याची रेंज, वयस्कर माणूस. स्प्लॅटची फाइल दाबूनही भरपूर मोठी राहते. मूळ पद्धतीने शोधनिबंधातल्या दर्जाचं काम करायला २४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. आणि मोकळं सोडलं की माणूस ज्या कोपऱ्यातून कॅमेरा गेलाच नाही तिथे जाऊन उभा राहतो आणि त्याला धुरकट ठिपके दिसतात. गोल फोटोत तो जिथे उभा राहील तिथे खरा फोटोच दिसतो.

कार्ल्यापुरती आणखी एक अडचण. ही सॉफ्टवेअरं दोन फोटोंतल्या सारख्या खुणा जुळवून जागा ठरवतात. इथे एका ओळीत पंधरा खांब. वरचे स्वार आणि हत्ती वेगवेगळे आहेत, पण दांडे आणि खालचे घट सारखेच. कॅमेऱ्याने शीर्ष नीट बघितलं नाही तर सहावा खांब नववा समजून सगळं लेणं दुमडलं जातं. स्तूपामागच्या साध्या सात खांबांत तर विचारूच नका.

---

मावळा_२.०

त्याला तोड आहे. फोटोंमध्ये ओळखीच्या खुणा ठेवायच्या, क्रमाने लागून आलेल्या फ्रेमच जुळवायला सांगायच्या, आणि चालताना मधल्या दालनातून जाऊन पडवीतून परत येऊन फेरा बंद करायचा. मेटाशेप या सॉफ्टवेअरमध्ये तर गोल फोटो न तोडता थेट घालता येतात. पण फाइलच्या आकाराबद्दल वाद घालत नाही. त्यात अजून सुधारणा हवी आहे.

फोनवरच्या लायडारबद्दल (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर) कुणी सांगेल, म्हणून आधीच सांगतो. २०२० पासूनच्या आयफोन प्रोमध्ये तो आहे, पण पल्ला पाच मीटर. छत १४ मीटरवर.

---

अक्षरवेडी

माझा मुद्दा शिलालेखांचा. रानवाटा, तुम्हाला गोल फोटोतच अक्षरं वाचता येतील असं वाटत असेल तर हिशेब मांडून बघा. कॅमेऱ्यापासून तीन मीटरवरच्या भिंतीचं पूर्ण वर्तुळ १९ मीटरचं. १८ मेगापिक्सलच्या चित्राची रुंदी सहा हजार पिक्सलच्या आसपास. म्हणजे भिंतीचे तीन मिलिमीटर एका पिक्सलमध्ये, तेही भिंग कडेपर्यंत तेज असेल तर. ते नसतं. झिजलेल्या ब्राह्मी अक्षराची खोली त्यात हरवून जाते. लेखांचे फोटो वेगळे, साध्या कॅमेऱ्याने, समोरून काढा. जमलं तर बाजूने तिरका उजेड टाकून. समोरून फ्लॅश मारला तर अक्षर सपाट होतं, कडेच्या उजेडात त्याची खाच उभी राहते. दिवे लावायचे असतील तर तेही परवानगीच्या अर्जात लिहा. गोल फोटोत फक्त खूण ठेवा, ती दाबली की हा फोटो, खाली वाचन, त्याखाली मराठी अर्थ.

कुठल्या खुणा? माझ्या मते तीन तरी हव्यातच. व्हरांड्यात वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा, म्हणजे व्यापाऱ्याचा, लेख आहे. जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह आपण पुरं केलं, असं तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्या बांधकामावर असा बेहद्द खूश! सफरीची सुरुवात याच लेखाने करा. दुसरी खूण आतल्या खांबांवर. धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेल्या दात्यांचे लेख आहेत, त्यांत स्वतःला यवन (त्या काळी ग्रीकांसाठीचा शब्द) म्हणवणारेही आहेत. आज ज्या खांबाला टेकून लोक सेल्फी काढतात तो कुणीतरी आपल्या नावाने दिलेला आहे. तिसरी, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलुरक इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख. वलुरक म्हणजेच हे लेणं. या तीन खुणांनी राजा, व्यापारी आणि परमुलखातून आलेला माणूस, तिघंही सफरीत येतात. पन्नास खुणा ठेवल्यात तर एकही वाचली जाणार नाही.

आणि छताबद्दल. या लाकडी कमानी मूळच्या आहेत, स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा. हे बहुतेकांना माहीत नसतं, दगडच वाटतो. वर बघणाऱ्याला तिथे एक खूण सापडू दे.

---

तिरकस

मागे घेतो डोली. करजिक गाव दिलं म्हणजे आताचं कुठलं?

---

अक्षरवेडी

त्यावर स्वतंत्र धागा काढा, इथे विषय भरकटेल. पण तेच गाव पुढे सातवाहनांनीही भिक्षूंकडे राहू दिलं, तो लेखही इथेच आहे. राजवट बदलली, दान टिकलं.

---

जुनाबाजार

अवांतर आहे, पण राहवत नाही. या सगळ्याची मुळं फार मागे जातात. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ मध्ये गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने खास इमारत उभारली. लोक पैसे देऊन मधल्या मंचावर उभे राहत आणि भोवतीचं शहर बघत. १८०० मध्ये लंडनमध्ये गाजलेलं भव्य चित्र होतं श्रीरंगपट्टणच्या पाडावाचं. म्हणजे टिपू पडला त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनकर तिकीट काढून तो तट बघत होते. साम्राज्याचा प्रचारच तो.

फिरता येणारं म्हणाल तर १९७८ मध्ये एमआयटीने अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन गावाच्या रस्त्यांचं चित्रण करून पडद्यावर वळणं घेत गावातून जाण्याची सोय केली होती. मग १९९५ मध्ये अ‍ॅपलचं क्विकटाइम व्हीआर, त्यात आजच्यासारखेच गोल फोटो आणि उड्या. २००७ मध्ये गूगल स्ट्रीट व्ह्यू. भारतात तो नीट यायला २०२२ उजाडलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगरही होतं. मावळेराव ज्याला उड्या म्हणून हिणवताहेत ती पद्धत तीस वर्षं टिकली आहे, हे लक्षात घ्या.

---

किल्लेदार_सायन

तांत्रिक चर्चा छान. पण परवानगीचं कुणी बोललंच नाही. कार्लं केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणं वेगळं, ट्रायपॉड लावायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी लागते. पुणे जिल्हा मुंबई मंडळात येतो आणि त्याचं कार्यालय सायनच्या किल्ल्यावर आहे. अर्जात स्पष्ट लिहा: हेतू शैक्षणिक, विक्री नाही, उपकरणं कुठली, दिवे लावणार की नाही, माणसं किती, जागा कुठल्या. पंतोजी म्हणतात तसा जागांचा नकाशा काढाल ना, तोच अर्जाला जोडा. नकाशा जोडलेला अर्ज बघणाऱ्यालाही सोपा जातो. दांडी खाली टेकवून उभी केली की तिला सेल्फी स्टिक म्हणता येईल, असल्या पळवाटा शोधू नका. पहारेकरी रोज हेच ऐकतो. ड्रोनचा तर विचारही नको.

---

आग्री_पोर

आई एकवीरेचा उदो! आम्ही दरवर्षी पालखी घेऊन येतो, म्हणून सांगतो: रविवारी जाऊ नका, चैत्रात जाऊ नका, नवरात्रात तर नकोच. तेव्हा लेण्याच्या दाराशी उभं राहायलाच जागा नसते, दांडी कुठे लावणार? आणि एक विनंती. सफरीत देऊळ गाळू नका. पुष्कळ जण लेण्याचे असे फोटो काढतात की शेजारी आईचं देऊळ आहे हे कळतही नाही, जणू ते मध्ये आलेलं काहीतरी आहे. माझ्या आजीला कार्लं म्हणजे आईचं ठिकाण. तिला सफर दाखवली आणि त्यात देऊळच नसलं तर ती म्हणेल, हे कुठलं कार्लं?

---

रानवाटा

हे फार बरं सांगितलंत. खरं म्हणजे आमच्या कच्च्या आराखड्यात पहिली जागा सिंहस्तंभाचीच होती, आणि तिथे कॅमेरा ठेवला की देऊळ आपोआप येतंच. आता तिथेच देवळाचीही खूण ठेवू. गाभाऱ्यात अर्थातच कॅमेरा नाही.

गर्दीचा प्रश्न राहतोच. आडवारीसुद्धा माणसं असतात. लोकांचे चेहरे, लहान मुलं, असं सगळं नेटवर टाकणं बरं वाटत नाही.

---

पंतोजी

त्यासाठीच ट्रायपॉड. एकाच जागेवरून, काही न हलवता, थोड्या थोड्या वेळाने चार-पाच फोटो घ्या. माणसं हलतात, दगड हलत नाही. नंतर थरांवर थर ठेवून जिथे माणूस आहे तिथे दुसऱ्या फोटोतला रिकामा भाग उघडा करायचा. स्तूपासमोर ध्यानाला बसलेलं कुणी असेल तर ते हलणार नाही, तेव्हा थांबा आणि दुसरी जागा आधी उरका. तरीही चेहरा राहिलाच तर धूसर करा, स्ट्रीट व्ह्यूवर करतात तसा. सगळ्याच दृश्यांतून माणसं काढू नका मात्र. व्हरांड्यात दोन-चार पाठमोरी राहिली तर त्या हत्तींचा आकार कळतो.

---

घाईगडबड

आवाजपण टाका ना! लेण्यात घुमतो तो.

---

रेवा

टाकता येतो. चारही दिशांचा आवाज वेगळा धरणारे अ‍ॅम्बिसॉनिक माइक असतात, झूमचा एच३-व्हीआर त्यातलाच. मान फिरवली की आवाजही फिरतो. पण फोनच्या स्पीकरवर त्यातलं काही उरत नाही, आणि स्तूपापाशी उभं राहून रेकॉर्ड केलंत तरी शेजारच्या घंटा येणारच. साधा स्टिरिओ आवाज एकाच जागी, स्तूपासमोर, तोही दाबल्यावरच वाजेल असा ठेवा. आपोआप वाजणारी साइट लोक आधी बंद करतात.

---

सिएटलकर

उशिरा आलो, पण दोन गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत.

पहिली. फोन हलवला की दृश्य हलावं अशी सोय जायरोस्कोपने करता येते आणि करणाऱ्याला ती फार आवडते. वयस्कर लोकांना त्याने गरगरतं. ती बंद ठेवून सुरू करा, हवी त्याने बटण दाबावं. आपोआप हळूहळू फिरणारं दृश्यही नको. डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटचा मोह झालाच तर एवढं लक्षात ठेवा: क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटला अंशाला २५च्या आसपास पिक्सल लागतात. १८ मेगापिक्सलच्या फोटोत ते सोळा-सतराच मिळतात, म्हणजे धूसर दिसणार. बाहेर आणि व्हरांड्यात ७२ मेगापिक्सलवर काढलेत तर तेहतीसच्या आसपास मिळतात, ती दृश्यं हेडसेटमध्येही चांगली दिसतील.

दुसरी गोष्ट मराठीची. वेबवाल्या मित्राला ए-फ्रेम या वेबसाधनाचा मोह होईल, त्यात त्रिमितीत मजकूर तरंगत ठेवता येतो. पण त्याचं साधं मजकूर दाखवणारं साधन अक्षरं एकेक करून मांडतं, देवनागरीची जोडणी त्याला कळत नाही. जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते. 'श्रेष्ठी' तर ओळखूच येणार नाही. पॅनेलममधल्या खुणा साध्या वेबपानाचाच भाग असतात, म्हणून तिथे मराठी बिनतक्रार उमटतं. ए-फ्रेमच हवं असेल तर मजकुराचं चित्र करून टाका. पण मग आंधळ्या माणसाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही, म्हणून मी पॅनेलमच म्हणेन.

---

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: एक्स३, पॅनेलम, गिटहब. सायनला अर्ज, सोबत जागांचा नकाशा. अक्षरवेडीताईंनी सांगितलेल्या तीन खुणा, अधिक छत आणि देऊळ. स्प्लॅटचा प्रयोग नंतर, पण मावळेराव, परवानगी मिळालीच तर चालतानाचा व्हिडिओ त्याच दिवशी घेऊन ठेवू. पुढे उपयोगी पडेल, परत परवानगी कोण काढणार.

अर्जाचं उत्तर येईपर्यंत भाज्याला जाऊन सराव करावा म्हणतोय. तिथे गर्दी कमी असते.

---

किल्लेदार_सायन

भाजेही संरक्षित आहे. ट्रायपॉडला तिथेही तोच नियम.

---

पंतोजी

सरावाला लेणं कशाला हवंय? एखाद्या सोसायटीचं तळमजल्याचं पार्किंग बघा. ओळीने सारखे खांब, आत अंधार, तोंडाशी झगझगीत उजेड, आणि खांब कॅमेऱ्यापासून मीटरभरावर. शिवण, एक्स्पोजर, बाणांची दिशा, सगळे घोळ तिथेच कळतील.

---

तिरकस

आमच्या पार्किंगमध्ये या. तीन ओळी आहेत, आणि वॉचमनची परवानगी मी काढतो.